ड्राइव्ह-वेवर खांब बसवावेत का?

कॅनडातील टोरंटोजवळच्या मिसिसागाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पती-पत्नी, दोन शाळकरी मुले आणि सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, साताऱ्याहून आलेले सासू-सासरे असे त्यांचे सहा जणांचे कुटुंब आहे. दारात दोन वर्षांपूर्वी कर्जावर घेतलेली टोयोटा हायलँडर आणि एक जुनी कोरोला अशा दोन गाड्या असतात. सप्टेंबरमध्ये त्यांच्याच गल्लीतील एक हायलँडर पहाटे चोरीला गेली आणि दोन माणसे काही मिनिटांत ती घेऊन जाताना शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात दिसली. तेव्हापासून पतीला नीट झोप लागत नाही. पुढच्याच आठवड्यात दारावर आलेल्या एका विक्रेत्याने ड्राइव्ह-वेवर, म्हणजे घरापुढच्या गाडीच्या वाटेवर, वर-खाली होणारे दोन पोलादी खांब बसवून देण्याचा प्रस्ताव दिला. "दोन फूट खोदाई, अर्ध्या दिवसाचे काम, आणि आजच सही केलीत तर सूट", असे त्याचे म्हणणे होते. सही अजून झालेली नाही. पतीला खांब हवे आहेत, पण बाईंना ते नको आहेत. घर तुरुंगासारखे दिसेल, बायपास झालेल्या सासूबाईंना रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली तर खोळंबा होईल, पहाटे सहाच्या शिफ्टला निघताना बर्फात खांबाशी झटापट करावी लागेल, आणि गाडी बाहेर काढता आली नाही तर चोर किल्लीसाठी थेट घरात शिरतील, अशा चार शंका त्यांनी लिहिल्या आहेत. "माझा विरोध अनाठायी आहे का? आणि बसवायचेच ठरले, तर कोणते खांब, कसे बसवायचे?" असे त्यांनी विचारले आहे.

नमस्कार.

तुमचा विरोध अनाठायी नाही आणि तुमच्या पतीची भीतीही अनाठायी नाही. मात्र तुम्ही दोघांनीही खांबाबद्दल जरा जास्तच गृहीत धरले आहे, असे मला पत्र वाचताना वाटले. खांब बसले की चोरीचा प्रश्न मिटला, असे त्यांना वाटते. खांब बसले की चोर घरात येणारच, असे तुम्हाला वाटते. खांब ही वेळ खाणारी वस्तू आहे. तो चोराचा वेळ घेतो, त्याला आवाज करायला भाग पाडतो आणि रस्त्यावरून जातानाच त्याला दिसतो. एवढे काम तो चोख करतो. त्याच्याकडून याहून अधिक अपेक्षा ठेवू नये, पण याला कमीही समजू नये.

तुमच्या भागातली गाडीचोरी हा एखाददुसऱ्या भुरट्या चोराचा उद्योग नाही. २०२३ मध्ये एकट्या टोरंटो शहरात १२,००० हून अधिक गाड्या चोरीला गेल्या आणि त्या वर्षी कॅनडातील विमा कंपन्यांना चोरीच्या दाव्यांपोटी दीड अब्ज डॉलर मोजावे लागले. चोरलेली गाडी एक-दोन दिवस कुठल्या तरी शांत गल्लीत उभी करून ठेवतात, तिच्यात ट्रॅकर नाही याची खात्री पटली की कंटेनरमध्ये भरतात आणि माँट्रियल बंदरातून आफ्रिकेकडे किंवा मध्यपूर्वेकडे रवाना करतात. एप्रिल २०२४ मध्ये 'प्रोजेक्ट व्हेक्टर' या मोहिमेत त्या बंदरावर अशा ५९८ गाड्या परत मिळाल्याचे जाहीर झाले. २०२४ मध्ये चोऱ्यांचे प्रमाण घटले ही दिलासा देणारी बाब आहे, तरीही हायलँडरसारख्या मोठ्या गाड्यांना परदेशात मागणी आहे आणि तुमच्या गल्लीत ती एकदा दिसून आलेली आहे.

आता गाडी नेतात कशी, ते पाहू. किल्ली खिशात ठेवून नुसते बटण दाबल्यावर सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली गाडीच्या हाकेला एका क्षीण सिग्नलने उत्तर देते. एक चोर घराच्या दाराजवळ उभा राहून उपकरणाने गाडीची हाक किल्लीपर्यंत पोचवतो आणि तिचा सिग्नल पकडून पुढे पाठवतो, दुसरा गाडीजवळ तो घेतो, आणि किल्ली जवळच आहे असे समजून गाडी उघडते. दुसऱ्या पद्धतीत गाडीत शिरून स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून नवी किल्ली नोंदवली जाते. तिसऱ्या पद्धतीत तर हेडलाइटजवळची वायर उघडी करून गाडीच्या अंतर्गत जाळ्यातच खोटे संदेश सोडले जातात. सप्टेंबर २००७ पासून कॅनडातील नव्या गाड्यांना इमोबिलायझर, म्हणजे योग्य किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारे उपकरण, सक्तीचा आहे. पण तो नियम झाला तेव्हा या युक्त्या कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हत्या. या तिन्ही पद्धती इलेक्ट्रॉनिक आहेत, आणि खांबाचा गुण नेमका इथे आहे. गाडी उघडली, सुरूही झाली, तरी मागे पोलादी खांब उभा असेल तर ती रस्त्यावर येत नाही.

तुमची सर्वांत गंभीर शंका घरात शिरण्याची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये टोरंटोच्या इटोबिको भागातील एका सभेत टोरंटो पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने असे सुचवले होते की, लोकांनी किल्ल्या दारापाशी ठेवाव्यात, म्हणजे किल्लीसाठी आलेला चोर घरातल्या माणसांपर्यंत येणार नाही. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे पोलीस दलाने इतर उपायांवर भर दिला. त्या सल्ल्यात पराभव आहे असे अनेकांना वाटले, पण त्यामागची काळजी खरी होती. खांब दिसला की बहुतेक चोर पुढच्या गल्लीतली मोकळी गाडी शोधतील. तरीही एखादा हट्टाने घराकडे वळणारच नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून खांब बसवा अथवा न बसवा, एक नियम घरातल्या सहाही जणांना आजच सांगून ठेवा: कोणी आत आलेच, तर मागेल ती किल्ली द्यायची, अडवायचे नाही, सुरक्षित होताच ९११ ला फोन करायचा. हा नियम सासरेबुवांना जरा अधिक सावकाश समजावून सांगा. गावाकडे चोर आला तर घरच्या कर्त्या पुरुषाने काठी घेऊन बाहेर पडायचे असते, हा संस्कार त्या पिढीत पक्का आहे, आणि इथे तो जिवावर बेतू शकतो. गाडीची भरपाई विमा देतो.

त्या विम्याची कागदपत्रेही याच आठवड्यात काढून पाहा. तुमच्या ऑन्टारियो प्रांतात चोरीसाठी लागणारे 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' संरक्षण कायद्याने सक्तीचे नाही. तुमच्या हायलँडरवर कर्ज असल्यामुळे कर्ज देणाऱ्याने ते घ्यायला लावले असणार, पण कोरोलावर ते आहे का, हे तपासा. नव्या गाडीसाठी घसारा वजा न करण्याचे कलम, म्हणजे ओपीसीएफ ४३, तुमच्या पॉलिसीत नसेल तर विम्याची रक्कम कर्जाच्या शिल्लक रकमेपेक्षा कमी भरू शकते. चोरीचा धोका जास्त असलेल्या काही गाड्यांवर विमा कंपन्या जादा आकार लावतात आणि ठराविक ट्रॅकर बसवला तर तो माफ करतात. खांबासाठी अशी सवलत आहे का, हे एजंटला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

खांबांकडे वळण्याआधी गॅरेजबद्दल बोलले पाहिजे, कारण तुम्ही पत्रात त्याचा उल्लेख फक्त "गॅरेज सामानाने भरलेले आहे" एवढ्या अर्ध्या वाक्यात केला आहे. हे अर्धे वाक्य मला पूर्ण पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटले. आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या गॅरेजमध्ये रिकाम्या बॅगा, मुलांच्या लहान झालेल्या सायकली, गणपतीचे मखर आणि 'कधी तरी लागेल' म्हणून ठेवलेली खोकी असतात, आणि पन्नास-साठ हजार डॉलरची गाडी मात्र उघड्यावर असते. हायलँडरची लांबी साधारण सव्वासोळा फूट आहे. गॅरेजची आतली लांबी टेपने मोजा, दार लावून पुढे-मागे फिरायला जागा राहते का ते पाहा. ती राहत असेल तर दोन शनिवार-रविवार आवराआवर करून आणि मखरासाठी भिंतीवर वर फळी ठोकून तुमचा निम्म्याहून अधिक प्रश्न सुटेल. बंद दारामागची गाडी रस्त्यावरून टेहळणी करणाऱ्याला दिसतच नाही. मग बाहेर उरते ती जुनी कोरोला, आणि तिच्यासाठी एवढा खर्च करावासा तुमच्या पतीलाही बहुधा वाटणार नाही. दाराचा रिमोट मात्र कोरोलात ठेवू नका आणि गॅरेजमधून घरात येणाऱ्या दाराला रात्री कुलूप लावा.

पतीची झोप उडण्यामागे आणखी एक कारण असावे असा माझा अंदाज आहे. आपण कंपाउंड, गेट आणि सोसायटीच्या वॉचमनच्या भरवशावर वाढलेली माणसे आहोत. इथे घरापुढे कंपाउंड नाही, गेट नाही, आणि गाडी रस्त्यापासून वीस पावलांवर उघडी उभी असते. खांब हे त्यांच्या मनात हरवलेले गेट असू शकते. तसे असेल तर "घर तुरुंगासारखे दिसेल" या तुमच्या वाक्याने ते दुखावले जातील. दिवसा जमिनीत उतरलेला खांब फक्त एका गोल झाकणाएवढा दिसतो, हेही लक्षात घ्या.

गॅरेज पुरत नसेल आणि खांब बसवायचे ठरलेच, तर विक्रेत्याचा प्रस्ताव आहे तसा स्वीकारू नये. आधी दोन खांबांचा हिशेब करू. तुमचा ड्राइव्ह-वे १८ फूट रुंद आहे. चार इंच जाडीचे दोन खांब सारख्या अंतरावर बसवले तर तीन फटी प्रत्येकी सुमारे ५ फूट ९ इंचांच्या राहतात. हायलँडर आरसे सोडून सुमारे ६ फूट ४ इंच रुंद आहे, म्हणजे कागदावर ती अडते. पण तुम्हीच लिहिले आहे की एका बाजूला पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला सपाट लॉन आहे. चोराला तुमच्या हिरवळीची काळजी नसते. तो गाडी किंचित वळवून दोन चाके गवतावरून नेईल आणि खांबांना वळसा घालून निघून जाईल. म्हणून तिसरा खांब लॉनच्या कडेला हवा, नाही तर तिथे लँडस्केपिंगवाले वापरतात तसा मोठा, जड दगड बसवून घ्यावा. दगडाला देखभाल नसते, तो बागेचा भाग वाटतो, आणि मला स्वतःला तो अधिक आवडतो. जागा निवडताना खांब रस्त्याच्या तोंडाशी न घेता गाडीच्या मागच्या बंपरपासून दीड-दोन फुटांवर घ्यावेत, म्हणजे धडक देण्यासाठी गाडीला वेग घेता येत नाही. फक्त मागचे दार उघडून सामान काढता येईल एवढे अंतर मोजून ठेवा.

खांबांचे प्रकार अनेक आहेत. बोल्टने पृष्ठभागावर बसवलेला, आडवा पडणारा खांब स्वस्त असतो, पण डांबरात बोल्ट धरत नाहीत आणि जोराच्या धक्क्याने तो पट्टीसकट उपटून येतो. तो तुम्ही घेऊ नये. कायमचा उभा खांब सर्वांत मजबूत असतो, परंतु जिथून तुम्हाला कधीच गाडी न्यायची नाही, अशाच कडेला तो उपयोगी. पूर्ण उचलून बाजूला ठेवण्याचा खांब चांगला टिकतो, मात्र तो जड असतो आणि रोज पहाटे उचलायचा म्हटले की महिन्याभरात कोणीतरी कंटाळते. विजेवर वर-खाली होणारे खांब महाग असतात, त्यांना वीजजोडणी आणि पाण्याचा पक्का निचरा लागतो, घरगुती वापरासाठी त्यांची गरज मला दिसत नाही. तुमच्यासाठी हाताने वर ओढण्याचा, जमिनीतल्या नळीत उतरणारा, किल्लीने कुलूप लागणारा खांब योग्य ठरेल. शक्य असेल तर आत गॅस स्प्रिंग असलेला घ्या, कारण तो वर घ्यायला जोर लागत नाही. धातू मिठाला तोंड देणारा हवा. साधे गॅल्व्हनाइज्ड पोलाद चालते, पण रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या प्रदेशात ३१६ दर्जाचे स्टेनलेस अधिक वर्षे टिकते.

खांबापेक्षा खड्डा महत्त्वाचा आहे, आणि विक्रेत्याचे "दोन फूट खोदाई" हे शब्द वाचून मला काळजी वाटली. दक्षिण ऑन्टारियोमध्ये हिवाळ्यात जमीन गोठण्याची खोली सुमारे चार फूट, म्हणजे १.२ मीटर धरतात, आणि घराचा पाया, डेकचे खांब सगळे त्या खाली नेतात. त्यापेक्षा उथळ काँक्रीटखालची माती गोठली की फुगते आणि काँक्रीटला वर ढकलते. दोन-तीन हिवाळ्यांत खांब तिरका होतो, झाकण डांबराच्या वर येते, आणि बर्फ काढणाऱ्याच्या प्लाउचे पाते त्यात अडकते. तुमच्या भागातली माती चिकणमाती असल्यामुळे पाणी लवकर मुरत नाही. नळीच्या तळाशी खडीचा थर आणि शक्य तिथे निचऱ्याची वाट नसेल, तर नळीत पाणी साठून जानेवारीत त्याचा बर्फ होईल आणि खांब जागचा हलणार नाही. तळाला निचरा कसा करणार, काँक्रीट किती खोल जाणार, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत खांब सरकला तर दुरुस्ती कोण करणार, हे तिन्ही मुद्दे अंदाजपत्रकात लिहून घ्या. यांची लेखी उत्तरे देण्यास जो टाळाटाळ करेल, त्याला काम देऊ नका.

खोदाईपूर्वी 'ऑन्टारियो वन कॉल'कडे नोंद करणे कायद्याने बंधनकारक आहे, मग फावड्याने खोदायचे असले तरी. सेवा मोफत आहे. तपासनीस येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा रंगाने करून जातात: गॅस पिवळ्या, वीज लाल, टेलिफोन-इंटरनेट नारिंगी, पाणी निळ्या, सांडपाणी हिरव्या रंगात. ही नोंद कंत्राटदारही करतो, पण तिचे कागद स्वतः पाहिल्याशिवाय खोदाई सुरू होऊ देऊ नका. या खुणांमध्ये तुमच्या खाजगी वाहिन्या येत नाहीत. मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूकडे गेलेली गॅसची नळी किंवा बागेतल्या दिव्यांची वायर असेल तर ती वेगळी तपासून घ्यावी लागते. तसेच घराचा सर्व्हे, म्हणजे जागेचा मोजणी नकाशा, काढून हद्द पाहा. पदपथाजवळचा ड्राइव्ह-वेचा भाग अनेकदा नगरपालिकेचा असतो, तिथे खांब बसवता येत नाही. ज्या वाचकांचा ड्राइव्ह-वे शेजाऱ्यासोबत सामायिक आहे, किंवा जे काँडो टाउनहाउसमध्ये वा भाड्याने राहतात, त्यांनी लेखी परवानगीशिवाय विषयच पुढे नेऊ नये.

"आजच सही" म्हणणाऱ्या माणसाला उद्या या असे सांगण्यात संकोच वाटू देऊ नका. निदान तीन अंदाजपत्रके घ्या, आणि आधी बसवलेले दोन हिवाळे जुने काम पाहायला मागा. ज्या वाचकांनी आपल्या घरी अशा करारावर सही केली असेल, त्यांच्यासाठी एक माहिती: ऑन्टारियोच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ५० डॉलरहून अधिक रकमेचा, घरी येऊन केलेला करार त्याची लेखी प्रत मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत कोणतेही कारण न देता रद्द करता येतो.

सासूबाईंबद्दलची तुमची काळजी मला पूर्ण समजते, पण त्यांच्या छातीत दुखू लागले तर त्यांना स्वतःच्या गाडीतून न्यायचेच नाही. ९११ ला फोन करायचा. रुग्णवाहिका रस्त्यावर थांबते आणि पॅरामेडिक स्ट्रेचर घेऊन दारापर्यंत चालत येतात, खांबांच्या मधून स्ट्रेचर सहज जातो. त्यांच्यासाठी खांबापेक्षा महत्त्वाची आहे ती पायऱ्यांवरचा बर्फ रात्रीच हटवून मोकळी केलेली वाट. पहाटेच्या शिफ्टचे म्हणाल, तर कुलपावर पाणी ओतण्याऐवजी त्याला सिलिकॉन किंवा ग्राफाइटचे वंगण वापरा, झाकणाभोवतीचा बर्फ आदल्या रात्री झाडून काढा, आणि कोणाची गाडी आधी निघते त्यानुसार तुमच्या बाजूचा एकच खांब उतरवायची सवय लावा. खांबाची किल्ली गाडीच्या किल्लीसोबत एका जुडग्यात ठेवू नका, पण घरातल्या चारही मोठ्या माणसांना तिची जागा ठाऊक असू द्या. प्लाउवाल्यासाठी हिवाळ्यात झाकणाजवळ उंच, चमकणारी काठी रोवा. आणि खांब रोज रात्री वर घेण्याची जबाबदारी एकाच माणसाच्या नावावर असावी. ज्यांना ते हवे आहेत, त्यांनीच ती घ्यावी, असे तुम्ही पतीला मोकळेपणाने सांगू शकता.

तोवर करण्यासारख्या गोष्टी थोड्या खर्चाच्या आहेत. दोन्ही किल्ल्या, जादाचीसुद्धा, फॅरडे पाऊचमध्ये, म्हणजे सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत, ठेवा आणि पाऊच खिशात घेऊन गाडीचे दार उघडते का ते पाहा. उघडले तर तो पाऊच निकामी आहे. काही गाड्यांत किल्लीचा सिग्नल बंद करण्याची सोय असते, ती पुस्तिकेत शोधा. पाऊच फक्त पहिल्या पद्धतीला आवरतो, म्हणून स्टिअरिंगला ठळक रंगाचा लोखंडी लॉकही लावा.

सध्या ऑक्टोबर चालू आहे. जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा होणे, तीन अंदाजपत्रके मिळणे, काँक्रीट पक्के होणे आणि डांबराची डागडुजी हे सगळे जमीन गोठण्याआधी घाईत उरकण्याचा प्रयत्न केला, तर उथळ खड्डा पदरी पडण्याचीच शक्यता जास्त आहे. हा हिवाळा गॅरेज, पाऊच आणि स्टिअरिंग लॉक यांवर काढा. मे महिन्यात जमीन मोकळी झाली की दोघे मिळून ड्राइव्ह-वे पुन्हा मोजा, आणि तेव्हाही हायलँडर गॅरेजमध्ये मावत नसेल किंवा पतीची झोप परतली नसेल, तर लॉनकडेला दगड आणि गाडीमागे दोन खोल बसवलेले खांब, एवढे काम नि:शंकपणे करून घ्या.